कर्ण शोधायचा की बाजू? वर्गांची बेरीज कधी, वजाबाकी कधी

काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू ३ आणि ४. तिसरी किती? मुलं पटकन '५' म्हणतात. पण ३ आणि ४ या काटकोन करणाऱ्या बाजू आहेत, असं प्रश्नात कुठे म्हटलंय? ४ हाच कर्ण असेल तर तिसरी बाजू ७ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २.६५. आकडे तेच, उत्तरं दोन.

म्हणून आकड्यांच्या आधी काटकोनाची खूण बघा. तिच्या समोरची बाजू म्हणजे कर्ण. पुस्तकात कर्ण बहुधा तिरका असतो, म्हणून 'तिरकी रेघ म्हणजे कर्ण' अशी सवय लागते आणि परीक्षेत त्रिकोण फिरवून दिला की तीच नडते. आकृती नसेल तर अक्षरांवरून ठरवा: त्रिकोण अबकमध्ये ब हा काटकोन, तर कर्ण अक. काटकोनाचं अक्षर कर्णाच्या नावात येत नाही.

कर्ण हवा असेल तर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, मग वर्गमूळ. कर्ण माहीत असेल तर त्याच्या वर्गातून दिलेल्या बाजूचा वर्ग वजा, मग वर्गमूळ. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) भुज, कोटी (काटकोन करणाऱ्या दोन बाजू) आणि कर्ण काढायच्या या रीती एकाच श्लोकात शेजारी शेजारी आहेत.

खरी गल्लत शाब्दिक उदाहरणांत होते. १३ फुटी शिडी भिंतीला टेकवली, तिचा पाय भिंतीपासून ५ फुटांवर आहे. वरचं टोक किती उंच? काटकोन भिंत आणि जमीन यांच्यात, म्हणजे शिडी हा कर्ण. १६९ वजा २५ बरोबर १४४, उंची १२ फूट. घाईत बेरीज केली तर १९४ चं वर्गमूळ येईल, सुमारे १३.९३. १३ फुटांची शिडी तिथवर पोचेलच कशी! उलट चूकही अशीच सापडते: ५ आणि १२ या काटकोनाच्या बाजू असताना वजाबाकी केली, तर 'कर्ण' १०.९१ येतो, १२ पेक्षाही लहान. कर्ण सगळ्यात मोठा हवा. बेरीज-वजाबाकीची अदलाबदल झाली की ही अट हमखास मोडते, त्यामुळे उत्तर लिहिल्यावर एवढं एक बघाच.

एक प्रकार मात्र या दोन्हींत सरळ बसत नाही, आणि मला तोच सर्वांत सुंदर वाटतो. 'लीलावती'तलाच: ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. कुठे मोडला? इथे कर्णही (मोडून तिरका पडलेला भाग) माहीत नाही, उभी बाजूही नाही. फक्त दोन्हींची बेरीज ३२. त्यांच्या वर्गांतला फरक १६ चा वर्ग, २५६. वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले फरक, म्हणून त्याला ३२ ने भागलं की दोन्हींतला फरक मिळतो, ८. म्हणून कर्ण २० आणि वेळू मोडला १२ हातांवर.