प्रेरित की अवशिष्ट? गाळाखालचा काळा पाषाण चुंबकीय मोजणीने शोधताना

पारसिकच्या डोंगरात उघडा दिसणारा काळा पाषाण (बेसॉल्ट) वाशी-बेलापूरकडे खाडीचा गाळ आणि भराव यांच्याखाली दडतो. वरून मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) फिरवून त्याच्या कडा शोधता येतात. पण या दगडात दोन प्रकारचं चुंबकत्व असतं आणि मॅग्नेटोमीटरला दोन्हींचा एकत्र परिणामच दिसतो. नकाशे चुकतात ते बहुतेक इथेच.

प्रेरित चुंबकत्व पृथ्वीच्या आजच्या क्षेत्रामुळे येतं. क्षेत्र नसेल तर तेही नसेल. दिशा क्षेत्राचीच: आपल्याकडे उत्तरेला आणि क्षितिजाखाली साधारण २५ ते ३० अंश. मोजायला सोपं. कप्पामीटर ताज्या दगडाला टेकवायचा, ग्रहणशीलता (क्षेत्रात दगड किती चुंबकित होतो तो आकडा) वाचायची आणि क्षेत्राच्या तीव्रतेने गुणायचं. मुंबई परिसरात क्षेत्र सुमारे ४३,००० नॅनोटेस्ला, म्हणजे ३४ अँपिअर प्रति मीटर. ग्रहणशीलता ०.०३ आली तर प्रेरित चुंबकत्व १ अँपिअर प्रति मीटर.

अवशिष्ट चुंबकत्व लाव्हा निवताना दगडात अडकलेलं. शुद्ध मॅग्नेटाइट (दगडातलं चुंबकीय लोहखनिज) ५८० अंश सेल्सियसखाली आलं की त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतं. टायटॅनियम मिसळलेलं असेल तर याहून बऱ्याच कमी तापमानाला. कप्पामीटरला हे दिसतच नाही. अवशिष्ट भागिले प्रेरित म्हणजे कोनिग्सबर्गर गुणोत्तर, आणि बेसॉल्टमध्ये ते बहुधा १ पेक्षा जास्त असतं.

आपल्याकडे खरी गोम पुढे आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता आणि लाव्हा येत असतानाच मधल्या काळात पृथ्वीचं क्षेत्र उलटलंही होतं, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे उलट्या काळातल्या थरांचं अवशिष्ट चुंबकत्व आग्नेयेकडे, खाली सुमारे ४५ अंश, तर सरळ काळातल्या थरांचं वायव्येकडे आणि वर सुमारे ४० अंश. म्हणजे उलटा थर आजच्या क्षेत्राच्या बरोबर विरुद्ध नाही, जवळजवळ काटकोनात आहे. ‘उलटा थर म्हणजे मोजणीत ऋण फरक, सरळ म्हणजे धन’ हा पाठ्यपुस्तकी नियम इथे कामाचा नाही. वरच्याच दगडात गुणोत्तर ४ धरून उलट्या थरासाठी बेरीज केली, तर एकूण दिशा आग्नेयेकडे आणि खाली जवळपास ६० अंश येते. सॉफ्टवेअरला फक्त प्रेरित दिशा दिली की थराची कड सरकते, खोलीही चुकते.

दुसरी गोष्ट, सपाट आणि एकसारखा पसरलेला थर बाहेर काहीच दाखवत नाही, प्रेरित असो वा अवशिष्ट. दिसते ती कड, भ्रंश किंवा जाडीतला बदल. थराची नुसती जाडी हवी असेल तर बोअरच घ्या.

मोजणीची पद्धत तशी साधी आहे. सेन्सर जमिनीपासून २ मीटर वर धरा, रेषा शक्य तितक्या उत्तर-दक्षिण ठेवा आणि बेस स्टेशन (एका जागी ठेवलेला दुसरा मॅग्नेटोमीटर) सतत चालू असू द्या, कारण दिवसाच्या फेरातच क्षेत्र काही दहा नॅनोटेस्लाने हलतं. उभी वाहनं, सळया, रूळ, पाइपलाइन यांपासून लांब राहा. (कुलाब्याची वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली ती विजेच्या ट्रामचा त्रास होणार म्हणूनच.) शहरात मनासारखी रेषा मिळणं विरळा.

अवशिष्ट दिशेसाठी २५ मिलिमीटर व्यासाचे कोर (दगडाचे दंडगोल नमुने) काढतात. दिशा आखायला साधं होकायंत्र वापरू नका, दगड स्वतःच सुई फिरवतो; सावलीवरून दिशा देणारं सूर्य-होकायंत्र वापरा. पावसाळ्यात ते निकामी, म्हणून काम नोव्हेंबरनंतर धरा. मुरूम घेऊ नका, त्यातलं मॅग्नेटाइट गंजलेलं असतं. माथ्यावरचा दगडही टाळा: वीज पडलेल्या जागी गुणोत्तर भलतंच मोठं येतं आणि दिशा हातभर अंतरावर बदलते.

बोअरचा कोर गरगर फिरत वर येतो, म्हणून उत्तर कळत नाही, पण कल (चुंबकत्व क्षितिजाच्या किती वर-खाली आहे तो कोन) कळतो आणि दख्खनात सरळ-उलटं ठरवायला तो पुरतो. मात्र पेटीत ठेवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर वरची दिशा दाखवणारा बाण काढा. एक तुकडा उपडा गेला तरी सरळ थर उलटा ठरतो. शिवाय पोलादी नळी आणि आजचं क्षेत्र दोघंही कोरला खाली झुकणारं चुंबकत्व चिकटवतात, म्हणून न धुता (हे चिकटलेलं चुंबकत्व न काढता) मोजलेला सरळ थर उलटा भासू शकतो. प्रयोगशाळेत १० ते २० मिलिटेस्लाच्या प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) क्षेत्रात धुऊन पुन्हा मोजा, आणि कल बदलत राहिला तर तो स्थिरावेपर्यंत पुढच्या पायऱ्या घ्या.