डॅशबोर्डवरची तेलकट चकाकी कशी उतरवायची

नागपूर साधारण २१.१ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे इथला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, २६ मेच्या आसपास, ऐन नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) येतो. अशा दुपारी वर्धा रोडवर समोरच्या काचेत डॅशबोर्डचंच धुरकट प्रतिबिंब तरंगत असेल, तर काच कितीही पुसा, फरक पडणार नाही. दोष डॅशबोर्डवर मारलेल्या पॉलिशचा आहे.

डॅशबोर्डचं प्लास्टिक मुद्दाम दाणेदार बनवतात. बारीक उंचवटे आणि खळग्यांवर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि पृष्ठभाग मंद दिसतो. पॉलिशमधलं सिलिकॉन तेल हे खळगे भरून काढतं. वर सपाट थर तयार झाला की उजेड आरशासारखा एकाच दिशेने परततो. असं पुष्कळसं पॉलिश दुधासारखं पांढरं असतं, म्हणून ते पाण्याने निघेल असं वाटतं. पण ते पाण्यात मिसळलेले तेलाचे थेंब असतात. पाणी उडून जातं, तेल राहतं. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापला तरी ते उडत नाही, उलट धूळ धरून बसतं.

कोरड्या कापडाने घासल्यास तेल फक्त इकडून तिकडे सरकतं. ते खळग्यांतून उचलायला साबण लागतो.

काम सकाळी, सावलीत, गाडी गार असताना करा. तापलेल्या प्लास्टिकवर साबणाचं पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि डाग पडतात. आधी व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने धूळ काढा. १ लिटर कोमट पाण्यात १ चमचा (५ मिली) भांडी घासायचं लिक्विड पुरे. जास्त घातलं तर फेस काढण्यातच वेळ जातो. मायक्रोफायबर कापड बुडवून घट्ट पिळा. पाणी थेट डॅशबोर्डवर फवारू नका, ते स्विच, एसीच्या जाळ्या आणि एअरबॅगच्या झाकणाच्या फटीत शिरतं. एका वेळी हातभर जागा घ्या. कापडाने ओलसर करून मऊ ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा आणि लगेच कापडाच्या स्वच्छ घडीने उचला. मग साध्या पाण्याचं ओलसर कापड, शेवटी कोरडं. बोअरचं पाणी जड असेल तर या शेवटच्या हाताला फिल्टरचं पाणी घ्या, नाहीतर पांढरे डाग उरतात. जुना थर दोन-तीन फेऱ्यांत निघतो. चार-पाच कापडं लागतील. तेल प्यायलेलं कापड पुन्हा फिरवलं तर काढलेलं तेल परत लावल्यासारखंच.

पाण्याचा थेंब टाकून तपासू नका. डॅशबोर्डला वापरलं जाणारं पॉलिप्रॉपिलीन स्वतःच पाणी झटकतं, त्यामुळे स्वच्छ असूनही थेंब गोल राहतो. कोरडा पांढरा टिश्यू दाबून ओढा; त्यावर तेलकट डाग उमटला तर आणखी एक फेरी बाकी आहे. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला की राहिलेले पट्टेही दिसतात.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नका, प्लास्टिक किंवा त्यावरचा रंग मऊ पडतो. मॅजिक स्पंज (डाग घासून काढायचा पांढरा मेलामाइनचा स्पंज) त्याहून फसवा: तो बारीक पॉलिश पेपरसारखा दाणाच झिजवतो, आणि मग येणारी चकाकी कायमची. मीटरवरच्या पारदर्शक झाकणावर अल्कोहोल नको, तिथे बारीक तडे जाऊ शकतात.

सगळं करूनही पृष्ठभाग चिकट राहिला, तर बहुधा ते पॉलिश नाही. मऊ लेप दिलेल्या प्लास्टिकचा थर उष्णतेने आणि ओलाव्याने विघटित होतो, किंवा पीव्हीसीतला मऊपणा देणारा घटक वर येतो. तिथे घासणं थांबवा; घासलं तर लेप सोलून निघतो.

शेवटी समोरची काच आतून स्वच्छ करा, पण डॅशबोर्डला न लागलेल्या कापडाने. पॉलिशच्या फवाऱ्याचा थोडा भाग तिथेही बसलेला असतो, आणि रात्री समोरून येणाऱ्या हेडलाइटमध्ये तो पसरट डागासारखा दिसतो.