पेन ड्राईव्हवरचं पुस्तक उलटसुलट का वाजतं?

आमच्याकडून ऐकायचं पुस्तक, म्हणजे वाचून रेकॉर्ड केलेलं, भरून नेलेला पेन ड्राईव्ह घेऊन दर आठवड्याला कुणी ना कुणी परत येतं आणि तक्रार एकच, अहो पहिल्या भागानंतर एकदम दहावाच लागतो, मधलं सगळं गेलं कुठे! गेलेलं काही नसतं, मधले आठच्या आठ भाग तिथेच असतात, पण पुष्कळ स्पीकर फाइलचं नाव आकडा म्हणून नाही तर अक्षर अक्षर वाचतात, त्यामुळे १ झाला की १०, मग ११, मग १२, आणि बिचारा २ पार मागे. म्हणून आम्ही ०१, ०२ अशी नावं देतो. ते शून्य नको वाटलं तरी काढू नका.

खरा घोळ मात्र पुढे आहे. स्वस्तातले बरेच स्पीकर आणि गाडीतले जुने प्लेअर नाव बघतच नाहीत, फाइल ज्या क्रमाने पेन ड्राईव्हवर आली त्याच क्रमाने वाजवतात. आणि होतं काय, नातवाची चार गाणी टाकायची म्हणून दोन भाग उडवले जातात, मग आजी विचारतात माझी गोष्ट अर्धी का, की ते भाग परत टाकले जातात आणि भलतीकडेच जाऊन बसतात. नावं बरोबर, क्रम चूक, आणि घरातले सगळे तासभर तेच शोधत बसतात. असं झालंच तर आधी सगळं कॉम्प्युटरवर काढून घ्या, पेन ड्राईव्ह फॉरमॅट करा, म्हणजे पूर्ण पुसून नव्याने तयार करा, त्यात फॅट ३२ हा प्रकार निवडा, मग ०१ पासून एकेक भाग टाका, सगळे एकदम ओढू नका. जमत नसेल तर घेऊन या, आमच्याकडे भरलेल्याचा क्रम लावायचे पैसे आम्ही घेत नाही. गाण्यांना मात्र वेगळा पेन ड्राईव्ह ठेवा, पुस्तकांना मोठा लागत नाही, नुसत्या बोलण्याला तासाला साधारण २९ एमबी पुरतात म्हणजे ८ जीबीत अडीचशे तास मावतात.

बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून पाठवलं की फाइलला दिलेलं नाव जातं आणि क्रम लावायला काही उरत नाही.

आता ॲपमधली पुस्तकं भरून द्या म्हणणाऱ्यांसाठी. नाही देत, आणि यात आडमुठेपणा नाही. ती डाउनलोड केली तरी ॲपच्या बाहेर वाजत नाहीत, आणि लॉक तोडून वाटली तर ज्यांनी लिहिलं, ज्यांनी तासन्‌तास बसून वाचलं त्यांचं नुकसान. घरात सगळ्यांनी मिळून ऐकायचं असेल तर फोन ब्लूटूथ स्पीकरला जोडा, पहिल्यांदा आम्ही जोडून दाखवतो. पेन ड्राईव्हवर आम्ही तुमच्या घरच्या कॅसेटी भरतो आणि हक्क संपलेली जुनी पुस्तकं स्वतः वाचून भरतो. आपल्याकडे लेखक गेल्यावर ६० वर्षांनी हक्क संपतो, साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लिखाण कुणीही वाचून रेकॉर्ड करू शकतं. पण दुसऱ्या कुणी केलेलं रेकॉर्डिंग त्यांचं, ते उचलायचं नाही.

कॅसेटला दोन दिवस का लागतात हेही विचारतात. साठ मिनिटांची कॅसेट पूर्ण एक तास वाजवावीच लागते, घाई केली की आवाज बिघडतो, आणि पुण्यातल्या पावसाळ्यांत कपाटात पडलेल्या टेपला बुरशी असते ती आधी साफ करावी लागते.

आणि एक मनापासून सांगतो, आजी-आजोबांच्या आवाजात एखादं पुस्तक करून ठेवा. गेल्या दिवाळीआधी एका काकूंनी आमच्याकडे सासूबाईंकडून गोष्टी वाचून घेतल्या, रोज अर्धा तास, आठ दिवस, आणि चकल्या पाडताना अख्खं घर तेच ऐकत होतं, मुलगी बंगलोरला तिच्या स्वयंपाकघरात तेच लावते. घरीच करणार असाल तर पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब ठेवा आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्यांनाच भागाचा नंबर म्हणायला सांगा, मग क्रम कितीही बिघडला तरी ऐकून कळतं.