क्लॅमिडियाची अँटिबॉडी मागवण्याआधी हे वाचा

आम्ही लॅबना अँटिबॉडी (जंतूच्या ठरावीक भागाला चिकटणारं प्रोटीन) पुरवतो. फोनवर बहुतेक वेळा एवढंच सांगतात, "क्लॅमिडियाची एक अँटिबॉडी पाठवा." पाठवतो हो, पण कुठली? क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस या जंतूचे पोटप्रकार, म्हणजे सेरोव्हार, मायक्रोस्कोपखाली सगळे सारखेच दिसतात पण आजार पार वेगळे. ए, बी, बीए, सी हे डोळ्यात खुपऱ्या करणारे (भारतात खुपऱ्या आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही असं डब्ल्यूएचओने २०२४ मध्ये जाहीर केलं, तरी अभ्यासाला हे लागतातच), डी ते के लैंगिक संसर्गात सापडतात, आणि एल१ ते एल३ मुळे जांघेत गाठी येतात.

हे वेगळे काढायचे ते बाहेरच्या आवरणातल्या मॉम्प नावाच्या प्रोटीनवरून. साधारण ४० किलोडाल्टन वजनाचं, आवरणात सगळ्यात जास्त भरणा याचाच, आणि त्याचे चार भाग सेरोव्हारप्रमाणे बदलतात, बाकीचं बऱ्यापैकी तसंच राहतं. अँटिबॉडी नेमकी कुठे चिकटते त्यावर सगळा खेळ आहे. चौथ्या भागात एक छोटा तुकडा सगळ्या सेरोव्हारमध्ये सारखा असतो, तिथली घेतलीत तर अख्खी ट्रॅकोमॅटिस पकडेल पण प्रकार सांगणार नाही. काही अँटिबॉडी फक्त बी गट धरतात (बी, बीए, डी, ई, एल१, एल२), काही एकाच सेरोव्हारला. म्हणून टायपिंगला (सेरोव्हार ओळखायला) पॅनल, म्हणजे वेगवेगळ्या अँटिबॉडींचा संच लागतो, कोण लागलं आणि कोण नाही ते एकत्र बघून उत्तर काढायचं. एलपीएसवरची (आवरणातला साखर-चरबीचा रेणू) स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, ती क्लॅमिडियाच्या बाकीच्या जातींनाही लागते.

स्लाइडवर एफआयटीसी या हिरव्या चमकणाऱ्या रंगाची अँटिबॉडी वापरलीत तर हिरवे चमकदार ठिपके (हेच जंतू) आणि इव्हान्स ब्लू या रंगामुळे लाल पेशी दिसायला हव्यात. ब्लॉटला (प्रोटीन वेगळी करून पट्टीवर तपासायची पद्धत) मात्र जपून, एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळलं की प्रोटीनची घडी मोडते आणि काही अँटिबॉडी मग चिकटतच नाहीत, माल खराब निघाला असा फोन येतो तो बहुतेक याचाच. एचआरपी (खूण दाखवणारं एन्झाइम) वापरणार असाल तर ॲझाइड हे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली मागा, ॲझाइडने एचआरपी बंद पडतं. बाटली पुन्हापुन्हा गोठवू-वितळवू नका, आल्या आल्या छोटे भाग करून ठेवा.

आणि एक, मॉम्पवरून जंतूंचं आपसातलं नातं ठरवायला जाऊ नका. त्याचं जीन एका स्ट्रेनमधून दुसऱ्यात जातं, दारावरची पाटी बदलली तरी घर तेच असतं ना, तसं. पूर्ण जीनोम वाचल्यावर हे उघड झालं, त्यामुळे वंशावळ हवी असेल तर सिक्वेन्सिंगच करा. पेशंटच्या निदानाला पीसीआर, आमचा माल फक्त रिसर्च आणि ट्रेनिंगसाठी.

ऑर्डरमध्ये स्लाइड की ब्लॉट, आणि कुठले सेरोव्हार, एवढं लिहाच.