कुत्र्याचं पिल्लू चावतं म्हणून नाकावर टिचकी?

‘पिल्लू चावलं की नाकावर टिचकी मारा, नाहीतर मोठेपणी चावरं निघतं.’ परभणी-जालन्याकडं हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. मार बसला की पिल्लू क्षणभर थांबतं, म्हणून तो खरा वाटतो.

पण थांबतं ते दचकून. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत नवे येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, शिवाय जग ओळखायचं ते तोंडानंच. टिचकीतून ते एवढंच शिकतं, की माणसाचा हात आला म्हणजे दुखतं. मग कुणी हात पुढं केला की एखादं आधीच दात लावतं.

फिरताना पायजम्याचा काठ धरला, तर पाय झटकू नका. हलणारं कापड म्हणजे त्याला खेळच. झाडासारखं उभं राहा, सोडलं की जुन्या सुती कापडाची गाठ तोंडात द्या. अंगावर उडालं तर ‘अरे अरे’ करत ढकलणंही त्याला लाडच वाटतात! पाठ फिरवा. चारी पाय जमिनीवर टेकले, की लगेच भाकरीचा तुकडा. हे घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवं, नाहीतर आजोबा उडू देतात आणि बोलणी पिल्लू खातं.

पडताळा घरीच घ्या. पंधरा दिवस, रोज किती वेळा दात लावले ते कॅलेंडरवर लिहा. दमलेलं, झोपेला आलेलं पिल्लू जास्त चावतं, हेही त्यात दिसेल.

मात्र दात लागून रक्त आलं तर हळद-चुना नको. साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा. पिल्लू असलं तरी.