वेटरूम
वेटरूम म्हणजे शॉवरसाठी वेगळा ट्रे किंवा बंदिस्त खण न ठेवता, अख्खी जमीनच पाणी झेलून नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीदार तोंडाकडे) नेईल असे बांधलेले न्हाणीघर. लहान जागेला हे सोयीचे. मात्र तिथे शिंतोडे पोचत नाहीत असा कोपराच उरत नसल्याने अर्धवट जलरोधन चालत नाही.

पाणी अडवण्याचे काम टाइलांचे नव्हे. टाइलांच्या फटींत भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटमधून ओल खाली उतरतेच. तिला थांबवतो तो टाइलांखालचा जलरोधक लेप, आणि त्यावरून ते पाणी ट्रॅपकडे वाहायला हवे. म्हणून ढाळ कोब्यातच काढावा, टाइलांच्या चिकटवणीवर सोडू नये. दर मीटरला १५ ते २० मिमी ढाळ पुरतो. ट्रॅप दीड मीटरवर असेल तर कडेचा कोबा सुमारे २५ मिमी उंच येतो, तेव्हा दाराच्या उंबऱ्याचा हिशेब आधीच करावा. ट्रॅप मधोमध घेतला तर ढाळ चहूबाजूंनी येतो आणि मोठ्या टाइला तिरप्या कापाव्या लागतात. भिंतीलगत लांबट चॅनेल ट्रॅप घेतल्यास एकाच दिशेचा ढाळ भागतो.

सपाट भागातून गळती क्वचितच होते. ती सुरू होते जमीन-भिंतीच्या सांध्यात, पाइपांभोवती आणि ट्रॅपच्या गळ्यापाशी, कारण पीव्हीसी आणि सिमेंट सारखे फुगत-आकसत नाहीत. ट्रॅपभोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी. पाइपाचा गुळगुळीतपणा सँडपेपरने घालवावा. सांध्यांत वाटा (कोपऱ्याला दिलेली गोलाई) भरून त्यावर ओल्या लेपात फायबरची जाळीपट्टी दाबावी. मग पॉलिमरयुक्त सिमेंटी लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला काटकोनात. एकूण जाडी १ ते १.५ मिमी. एकाच जाड हातात उरकले तर लेप वाळताना तडकतो. शॉवरच्या भिंतींवर तो १.८ मीटरपर्यंत, इतरत्र निदान १५० मिमीपर्यंत चढवावा आणि ट्रॅपच्या गळ्यात उतरवावा. उंबऱ्यावर लेप द्यायचा राहिला की शेजारच्या खोलीत ओल आलीच.

लेप पुरता वाळल्यावर ट्रॅप बुजवून, दारात बांध घालून २४ ते ४८ तास पाणी तुंबवतात. पातळीची खूण पेन्सिलने करावी आणि खालच्या छताकडेही लक्ष ठेवावे. ही चाचणी टाइलांआधीच करायची. नंतर दोष सापडला तर फरशी फोडावी लागते.

चिकटवणी सलग पसरावी. ठिपक्यांवर बसवलेल्या टाइलांखाली पाणी साचून वास येतो. कोपऱ्यांत ग्राउटऐवजी सिलिकॉन भरावे. कमोड जमिनीत स्क्रूने आवळला तर लेपाला भोक पडते. तो भिंतीवर टांगता घ्यावा किंवा सीलंटवर बसवावा.