ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येणारी मुलं

माझी भाची ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने नेरूळला कॉलेजला जाते. संध्याकाळी रिक्षांचे हॉर्न आणि गर्दीचे धक्के सोसून घरी आली की आधी ट्यूबलाइट बंद करते. चोकची गुणगुण तिला सहन होत नाही. आम्हाला ती ऐकूही येत नाही. "फार मनाला लावून घेते" हे तिच्याबद्दल आमच्या घरातलं ठरलेलं वाक्य.

या संवेदनशील स्वभावासाठी इलेन आणि आर्थर एरन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये २७ प्रश्नांची मोजपट्टी मांडली. अशा माणसांना आवाज, प्रकाश, समोरच्याचा बदललेला सूर पटकन जाणवतो आणि मनात बराच वेळ घोळत राहतो. हा आजार नाही. २०१८ च्या एका अभ्यासात सुमारे ३१ टक्के लोक या गटात आढळले. म्हणजे साठ जणांच्या वर्गात अशी अठरा-एकोणीस मुलं सहज असतील.

अशा विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त दिसतात, हे खरं. पण सगळेच खचत नाहीत. का?

इथे मला समाजशास्त्रज्ञ आरोन अँटोनोव्हस्की आठवतात. इस्रायलमधल्या स्त्रियांचा अभ्यास करताना त्यांना दिसलं, की नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांपैकी २९ टक्के जणींचं मानसिक आरोग्य चांगलं होतं. एवढं भोगूनही त्या उभ्या कशा, हाच प्रश्न त्यांनी धरून ठेवला. त्यांचं उत्तर असं: आपल्यासोबत काय चाललंय ते कळतंय, ते पेलायला हाताशी काहीतरी आहे आणि त्यासाठी झटण्यात अर्थ आहे, ही जाणीव. जपानमधल्या विद्यापीठातल्या मुलांमध्येही ही जाणीव पक्की असेल तिथे नैराश्याची लक्षणं कमी आढळली.

त्याहून महत्त्वाचं मला हे वाटतं. इंग्लंडमधल्या एका शाळेत मुलींना मन खंबीर ठेवायचे धडे दिले गेले. त्याने नैराश्याची लक्षणं घटली ती संवेदनशील मुलींमध्ये. बाकीच्यांत फारसा फरक पडला नाही. जिला टोचतं जास्त, तिला आधारही जास्त लागू पडतो. म्हणून "कातडी जाड कर" हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो.

उदासी, झोप उडणं, कशातच रस न वाटणं दोन आठवडे टिकलं, तर मात्र तो स्वभाव समजून सोडू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

भाची आता स्टेशनवरून थेट घरी येत नाही. मासुंदा तलावाच्या कठड्यावर पंधरा मिनिटं बसते. आणि तिच्या खोलीतली ट्यूब काढून आम्ही एलईडी लावला आहे.